आधी चर्च, मग रस्ता : दक्षिण बर्गंडीत सहा दिवस सायकलवर

फ्रान्सच्या खेड्यांतून सायकल चालवायची ठरली की पहिली अडचण रस्त्याची येते. गाड्या कमी असलेला रस्ता घरबसल्या ओळखायचा कसा? महिनाभर नकाशे चाळल्यावर आम्ही दोघांनी उलट बाजूने सुरुवात केली. आधी बघायची चर्च निवडली, ती नकाशावर टिंबांनी मांडली आणि मग टिंबे जोडली. बहुतेक ठिकाणी शांत रस्ता आपसूक मिळाला. त्याला कारण आहे. तिथले लहान रस्ते गावातून गावात, एका चर्चच्या दारातून दुसऱ्या चर्चच्या दारात जातात. ट्रक आणि घाईतल्या गाड्यांसाठी पुढे जे हमरस्ते झाले ते गावांना वळसा घालून गेले. गावातला जुना रस्ता ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि सायकलवाले यांच्यासाठी मोकळा राहिला.

जिल्हा निवडला दक्षिण बर्गंडीतला सोन-ए-ल्वार. क्ल्युनीचा मठ इथलाच, आणि त्याच्या प्रभावामुळे अकराव्या-बाराव्या शतकातली रोमनेस्क (जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या शैलीतली) चर्च या भागात इतकी दाट आहेत की कित्येकदा एका चर्चच्या आवारातून पुढच्या गावाचा घंटामनोरा दिसतो. जायची वेळ सप्टेंबर २०२५. तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्समध्ये वारसा दिवस असतात, तेव्हा एरवी कुलूपबंद असलेली चर्चही उघडतात. त्या वर्षी ते २० आणि २१ तारखेला होते. बाकी सगळे वेळापत्रक त्या दोन दिवसांभोवती बसवले.

व्हिसाचा अर्ज २८ मे रोजी 'फ्रान्स-व्हिसा'च्या संकेतस्थळावर भरला. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात. आम्हाला तीन आठवड्यांनंतरची, १९ जूनची वेळ मिळाली. शुल्क प्रौढांना ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. सायकलवाल्यांचे घोडे अडते ते राहण्याच्या कागदांवर. 'जिथे संध्याकाळ होईल तिथे थांबू' हे अर्जात चालत नाही, प्रत्येक रात्रीचे आरक्षण लागते. आम्ही सगळी आरक्षणे रद्द करता येतील अशी घेतली आणि सोबत एक पानाचे पत्र जोडले. त्यात तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर आणि मुक्कामाचा पत्ता असा तक्ता होता. खिडकीवरच्या बाईंनी सगळ्यात जास्त वेळ तोच कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "सायकली इथून नेणार का तिथे घेणार?" ४ जुलैला पासपोर्ट परत आले. तोवर विमानाचे तिकीट काढलेले नसेल तर भाडे चढलेले असते, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच केलेला बरा. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे. यापुढे जाणाऱ्यांनी पहिली रेल्वेगाडी पकडताना त्या रांगेचा वेळ धरावा.

सायकल नेणे की भाड्याने घेणे, यावर आमचे उत्तर असे : फक्त हिरव्या वाटेवर (जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेवर) दोन-तीन दिवस फिरायचे असेल तर भाड्याची पुरे. याच जिल्ह्यातल्या ब्रिओनेसारख्या चढउताराच्या भागात जायचे असेल तर आपल्या मापाची, आपल्या गिअरची सायकल लागते. पुढे ३४ दात, मागे मोठ्यात मोठे चक्र ३४ दातांचे आणि ३२ मिलिमीटरचे टायर, एवढ्यात सगळे भागले. यापेक्षा बारीक टायर घेऊ नयेत. छोट्या रस्त्यांवर डांबरावर खडी पसरून नुसती दाबलेली असते, ती आठवडाभर सुटी राहते.

बांधणीत एक मेख आहे. विमानासाठी दुकानातून मिळणारे पुठ्ठ्याचे खोके साधारण १३५ ते १४० सेंटीमीटर लांब असते, आणि फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाडीत सुटी करून पिशवीत घातलेली सायकल १३० बाय ९० सेंटीमीटरच्या आत बसावी लागते. खोके घेऊन उतरलात तर स्टेशनवर पंचाईत होते. म्हणून मऊ पिशवी घेतली आणि आतून पुठ्ठ्याचे दोन थर लावले. दोन्ही चाके, पॅडल आणि हँडल काढले. डावे पॅडल उलट्या आट्याचे असते हे विसरून जोर लावला की आटे जातात. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा अडकवला, नाहीतर वरून वजन पडल्यावर ती टोके आत दबतात. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला जिथे अडकतो त्या धातूच्या तुकड्यावरून, सोडवून कापडात गुंडाळला आणि चेनस्टेला म्हणजे फ्रेमच्या मागच्या खालच्या नळीला बांधला. सुटा हँगर सोबत घेतला. तो प्रत्येक सायकलच्या मॉडेलचा वेगळा असतो आणि परक्या गावात मिळत नाही. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या मात्र घरीच ठेवाव्यात, विमान कंपनीची परवानगी घेतली नसेल तर काढून घेतात. हातपंप बरा.

आणखी एक कागद, जो फार जणांना ठाऊक नसतो. महागडी सायकल परदेशातून आणताना 'ही तिथे विकत घेतली का' असा प्रश्न भारतीय सीमाशुल्क विभाग विचारू शकतो. त्यासाठी निघतानाच विमानतळावर त्यांच्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचे. सायकलची पावती, फ्रेमवरच्या क्रमांकाचा फोटो आणि पासपोर्ट लागतो. सामान चेक-इन करण्याआधी घ्यावे, कारण अधिकाऱ्याला वस्तू बघायची असते. मुंबईला १३ सप्टेंबरच्या रात्री या कामाला ५० मिनिटे गेली. पिशवीची चेन उघडून क्रमांक दाखवावा लागला, म्हणून क्रमांकाची बाजू चेनकडे येईल अशी सायकल भरावी.

१४ सप्टेंबर, रविवार. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या पोटातच टीजीव्हीचे स्टेशन आहे, तिथून थेट लियोंला दोन तासांत पोचता येते. पिशव्या घेऊन पॅरिसच्या लोकलमध्ये शिरायची वेळच येत नाही. लियों पार-दिय्यू स्टेशनवर गाडी बदलून प्रादेशिक टीईआर गाडीने तासाभराच्या आत माकाँ. टीईआरमध्ये सायकल न सोडताही नेता येते, डब्यावर सायकलचे चित्र असते, तिथे चढायचे. माकाँच्या स्टेशनजवळच्या हॉटेलने रिकाम्या पिशव्या आठवडाभर ठेवून घ्यायचे आधीच ईमेलवर कबूल केले होते. ज्या गावातून सुरुवात त्याच गावात शेवट ठेवला की हा प्रश्न सुटतो.

सोमवारी सकाळी जुळणी. एका सायकलचा हँगर प्रवासात आत वाकला होता, डिरेलर उचलून बाजूला ठेवलेला असूनही. मोठ्या चक्रावर चेन टाकली की डिरेलर आऱ्यांना घासू लागे. तसाच चढ चढला असता तर चाकच गेले असते. फ्रान्समध्ये सायकलची दुकाने बहुधा रविवारी आणि सोमवारीही बंद असतात, हे आम्ही योजना करताना धरलेच नव्हते. सुटा हँगर आणि दोन अ‍ॅलन पाने होते म्हणून दीड तासात काम झाले. नसते तर मंगळवारपर्यंत थांबावे लागले असते.

दुपारी रिकाम्या रस्त्यांवर सराव केला, आणि तो प्रत्येकाने करावा. वाहतूक उजवीकडून हे आपण पाठ करून जातो, पण डावीकडे वळताना आणि चहासाठी थांबून पुन्हा निघताना हात जुन्या सवयीने सायकल डाव्या कडेला नेतात. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे. सगळ्यात धोक्याचा नियम आहे 'प्रिऑरिते आ द्र्वात', म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. गावात चौकात कुठलीही खूण नसेल तर उजवीकडच्या बारीक गल्लीतून येणारी गाडीसुद्धा न थांबता तुमच्यापुढे घुसते, आणि चूक तुमची ठरते. रस्त्याकडेला पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखी पाटी असेल तर तुमचा रस्ता प्राधान्याचा, त्या पाटीवर काळी रेघ आली की प्राधान्य संपले. गावाच्या वेशीवर वेग कमी करून उजवीकडे बघायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. बाकी नियम सोपे : पुढे-मागे दिवे आणि घंटी हवी, कानात हेडफोन घातले तर १३५ युरो दंड, अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकता जॅकेट सक्तीचा. गाडीवाल्यांनी गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचे असते, आणि तिथे ते खरोखर ठेवतात. पहिल्यांदा एखादी गाडी आपल्यामागे शांतपणे अर्धा किलोमीटर येत राहते तेव्हा फार बरे वाटते.

मंगळवार, १६ तारीख. माकाँहून क्ल्युनी. स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवर शार्ने-ले-माकाँला 'व्हा व्हेर्त' म्हणजे हिरवी वाट लागते. ही जुन्या रेल्वेमार्गावर केलेली डांबरी वाट. हिचा उत्तरेकडचा जिव्हरी ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरचा तुकडा १९९७ मध्ये खुला झाला, आणि फ्रान्समधली ही पहिली हिरवी वाट मानतात. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ जाणवत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी ही बरी, विमानातून उतरलेल्या पायांना झेपते.

वाटेवरून वर बेर्झे-ला-व्हील गाव दिसते. तिथे जायला वाट सोडून खडा चढ चढावा लागतो, पण टाळू नका. तिथले साधूंचे छोटे प्रार्थनाघर बाहेरून गोठ्याइतके साधे आहे. आत अर्धगोल भिंतीवर बाराव्या शतकातला सिंहासनस्थ ख्रिस्त रंगवलेला आहे. चुन्याच्या थराखाली शतकानुशतके झाकलेले हे चित्र १८८७ मध्ये सापडले. वस्त्राच्या घड्यांवर पांढऱ्या रंगाच्या केसाइतक्या बारीक रेघा आहेत, त्या बघायला डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. तिकीट आहे, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी बंद. सकाळी साडेनऊला माकाँ सोडले तर वेळ जमते.

पुढे ब्वा-क्लेअरचा बोगदा, १.६ किलोमीटर लांब. आत दिवे आहेत, तरी आपला पुढचा दिवा लावावाच, कारण समोरून लहान मुले सायकलवर येत असतात. बाहेर २५ अंश असले तरी आत गारठा असतो. जॅकेट पिशवीच्या तळाशी नसावे. हिवाळ्यात वटवाघळांच्या निद्रेसाठी बोगदा बंद ठेवतात, तेव्हा खिंडीवरून जावे लागते.

क्ल्युनीत बघायला काय उरले आहे, हे समजून गेलात तर निराशा होणार नाही. मठाची स्थापना ९१० च्या सुमाराची. तिसऱ्या चर्चचे काम १०८८ मध्ये सुरू झाले. लांबी १८७ मीटर, रोमचे सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातले सगळ्यात मोठे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये ते विकले गेले आणि पुढची पंचवीस वर्षे दगडांची खाण म्हणून वापरले गेले. आज दहावा हिस्साही उभा नाही : दक्षिणेकडची आडवी बाजू आणि अष्टकोनी मनोरा. नेव्ह म्हणजे मधला लांब सभामंडप जिथे होता तिथे आता मोकळी जागा आणि रस्ता आहे. आधी त्या रिकाम्या जागेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे आणि मग आत शिरून मान वर करावी. तेव्हा उरलेल्या एका तुकड्याची उंची बघून पूर्ण इमारतीचा अंदाज येतो आणि पोटात कालवते.

दुसऱ्या दिवशी क्ल्युनीतच मुक्काम ठेवून कपडे धुतले आणि पुढच्या रस्त्यांचा कागदी नकाशा तपासला. मिशेलिनच्या नकाशावर लाल रस्ते मोठे, पिवळे मधले, पांढरे छोटे. सायकलसाठी पांढरे शोधायचे. रस्त्यावर बाणाचे टोक काढलेले असेल तर तो चढ : एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. टोक ज्या दिशेला, चढ त्या दिशेला. सामान लादलेल्या सायकलवर दोन टोके दिसली की तो रस्ता उलट्या दिशेने घेता येतो का बघावे. जिल्हा रस्त्यांच्या क्रमांकाआधी 'डी' असते. ढोबळ मानाने तीन आकडी डी रस्ता दोन आकडीपेक्षा शांत. 'एन' क्रमांकाच्या म्हणजे राष्ट्रीय रस्त्याजवळही जाऊ नये. माकाँ ते पारे-ल-मोन्याल मार्गावरचा एन ७९ ट्रकांनी भरलेला असतो, आणि काही ॲप 'सगळ्यात कमी अंतर' म्हणून त्याच्या कडेकडेने नेतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार. त्या दिवशी फ्रान्समध्ये देशव्यापी संप होता आणि बऱ्याच रेल्वेगाड्या रद्द होत्या. आमचा दिवस सायकलचा होता म्हणून निभावले. संपाच्या घोषणा काही दिवस आधी होतात, बातम्या बघत राहाव्यात आणि परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

सकाळी नऊपर्यंत धुके. सप्टेंबरच्या या दिवसांत सूर्य साडेसातला उगवतो, पण ग्रोन नदीच्या खोऱ्यातले धुके उठायला आणखी वेळ लागतो. हिरव्या वाटेने उत्तरेला दहा किलोमीटरवर तेझे. १९४० मध्ये ब्रदर रोजे इथे आले आणि पुढे इथला ख्रिस्ती साधूंचा बंधुसंघ उभा राहिला. जगभरची तरुण मुले इथे येतात. गावाचे छोटे रोमनेस्क चर्च संघाच्या मोठ्या प्रार्थनागृहापेक्षा वेगळे आहे, त्यात बोलायची मनाई आहे आणि ती सगळे पाळतात. शेजारच्या आमन्यीचे चर्च लालसर दगडाचे. दोन्ही मिळून चढ एकच.

कोर्मातँला हिरवी वाट सोडून डी १४ धरला. शापेज तिथून पाच-सहा किलोमीटर. सपाट शेतांच्या मध्ये अचानक ३५ मीटर उंच मनोरा उभा दिसतो, गाव मात्र मूठभर घरांचे. या सहा दिवसांत एकच चर्च नीट बघायचे असेल तर सँ-मार्तँचे हे बघा. अकराव्या शतकातले. मनोऱ्याचे दगड विटेसारखे लहान आणि चपटे आहेत, थर जवळून मोजता येतात. भिंतीवर उथळ उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या छोट्या आंधळ्या कमानी आहेत. ही उत्तर इटलीतल्या लोंबार्डीची पद्धत. आत जाड गोल खांबांच्या दोन रांगा. दारातून सरळ पुढे बघितले तर रेषा काटकोनात नाहीत असे वाटते, तो भास नाही. वरच्या दगडी छताचा भार बाजूला ढकलत गेला आणि खांब बाहेरच्या बाजूला कलले. खांबाच्या पायथ्याशी बसून नजर दगडाला चिकटवून वर न्यावी, कल स्पष्ट दिसतो. हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी दगडाचे छत पेलायचा प्रयत्न केला, त्यात काय चुकले आणि काय टिकले, हे इतके उघड्यावर क्वचितच बघायला मिळते.

इथे पाण्याचे सांगतो. खेड्यात दुकान नसते, कॅफे असला तर बंद असतो. चर्चला लागून किंवा गावाच्या टोकाला दफनभूमी असते, आणि तिच्या फाटकाजवळ फुलांना पाणी घालायचा नळ असतो. 'ओ नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर पिऊ नये. पाटी नसेल तर आम्ही गावकऱ्याला विचारून भरत होतो. फाटक लावून घ्यायचे, आत सायकल न्यायची नाही आणि आवाज करायचा नाही.

शापेजहून ब्राँस्योंपर्यंत चढ, शेवटचा गावात नेणारा तुकडा तर सायकल हातात धरूनच. गाड्या खाली थांबवतात, त्यामुळे वर फक्त पावलांचे आवाज. टोकावरच्या सँ-पिएर चर्चमध्ये चौदाव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत आणि सातव्या क्रुसेडमध्ये म्हणजे धर्मयुद्धात १२५० साली इजिप्तमध्ये मारल्या गेलेल्या जोसराँ द ब्राँस्यों या सरदाराची दगडी निजलेली मूर्ती. तिथून तुर्न्यू जवळपास पंधरा किलोमीटर, ओझने गावावरून मुख्यतः उतार. डी १४ वर संध्याकाळी पाचनंतर कामावरून परतणाऱ्यांच्या गाड्या वाढतात, चारपर्यंत हा तुकडा संपवावा. तुर्न्यूच्या सँ-फिलिबेर मठात पोचायला पाच वाजले तरी चालतात. मधल्या मंडपावर लांबीला एकच छत नाही, एकापुढे एक आडवी कमानदार छते ठेवली आहेत, म्हणून खिडक्या मोठ्या करता आल्या आणि सगळा मंडप उजळ आहे. शापेजचे कललेले खांब त्याच दिवशी बघून इथे आले की हा फरक आपोआप डोक्यात उतरतो. गाभाऱ्यामागच्या फिरत्या वाटेवर बाराव्या शतकातली राशींची मोझॅइक फरशी आहे, ती २००२ मध्ये सापडली.

शुक्रवारी १९ ला संपाचा परिणाम ओसरला होता. तुर्न्यूहून टीईआरने शान्यी, तिथे गाडी बदलून पारे-ल-मोन्याल. जोडगाड्या कमी आहेत, अर्धा दिवस जातो. पारेचे चर्च क्ल्युनीच्या हरवलेल्या चर्चची लहान आवृत्ती म्हणून बघावे, तीन दिवसांपूर्वी जे डोक्यात रचावे लागले ते इथे अखंड उभे आहे.

चर्च बंद असेल तर काय, याचा धडा तोवर पाठ झाला होता. १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये चर्च आणि सरकार वेगळे झाले, आणि त्याआधीची गावोगावची चर्च गावाच्या मालकीची राहिली. म्हणून किल्ली पाद्रीकडे शोधायची नाही, 'मेरी'त म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कार्यालयात विचारायचे. छोट्या गावातली मेरी आठवड्यातून दोन-तीन अर्धेच दिवस उघडी असते, वेळा दारावर लावलेल्या असतात. मुक्कामाच्या आदल्या आठवड्यात ईमेल केला तर बहुतेक ठिकाणांहून उत्तर आले : किल्ली समोरच्या घरी आहे, अमुक वेळेनंतर घंटी वाजवा. आत शिरताच आधी "बाँजूर मादाम" म्हणायचे, मग "ला क्ले द लेग्लीझ, सिल व्हू प्ले". बाँजूर न म्हणता थेट कामाचे बोलणे तिथे उद्धटपणा समजतात. आणि 'बंद आहे' असे ठरवण्याआधी दार खांद्याने ढकलून बघा, जुनी लाकडी दारे ओलीने फुगलेली असतात. बाजूचे छोटे दारही तपासा. बाहेर पडताना दार घट्ट ओढून घ्यायचे, नाहीतर पक्षी आत अडकतात. दिव्याचे बटण बहुधा दाराजवळच्या खांबावर असते. काही ठिकाणी नाणे टाकावे लागते, म्हणून एक आणि दोन युरोची सुटी नाणी जवळ हवीत.

शनिवारी, २० तारखेला पारेहून दक्षिणेला ब्रिओनेत. हा भाग पांढऱ्या शारोले गाईंचा. कुंपणाच्या झाडांच्या रांगा, त्यांमधून वळत जाणारे एका गाडीच्या रुंदीचे रस्ते, आणि चढउतार इतके छोटे आणि इतके सलग की गिअर बदलता बदलता अंगठा दुखतो. दगड पिवळा, उन्हात मधासारखा. मोंसो-लेत्वालच्या चर्चच्या दारावरचा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा प्रसंग एकाच शिळेत कोरला आहे, खालचे शिष्य वर बघताना नुसते डोळे उचलत नाहीत, अख्खे शरीर वळवतात. आँझी-ल-द्युकचा अष्टकोनी मनोरा तीन मजली. झाडांमागून तो दिसू लागला की पुढच्या तीन किलोमीटरला नकाशा लागत नाही. वारसा दिवस असल्याने गावातले एक निवृत्त शिक्षक आत माहिती देत होते. आम्हाला त्यातले निम्मे समजले, तरी त्यांनी विजेरीच्या उजेडात एकेक खांबशीर्ष दाखवले. मुक्काम सम्युर-आँ-ब्रिओनेला. क्ल्युनीचे ते प्रचंड चर्च सुरू करणारे मठाधिपती ह्यूग १०२४ मध्ये इथल्याच किल्ल्यात जन्मले. त्या दिवसाचे अंतर ४० किलोमीटरच्या आतले, पण चढ मोजाल तर तुर्न्यूच्या दिवसाइतका.

जेवणाची तयारी शनिवारीच करून ठेवावी. रविवारी दुपारनंतर खेड्यात काही मिळत नाही, बेकरी बहुधा सोमवारी बंद, आणि हॉटेलात दुपारचे जेवण बारा ते दोनच्या मध्येच. शाकाहाऱ्यांनी सॅलड आणि कीश मागवताना 'लार्दों' नको म्हणून सांगावे, ते डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात आणि मेन्यूत दरवेळी लिहिलेले नसतात. बकरीच्या दुधाचे माकोने चीज, पाव, टोमॅटो आणि चीजचे फुगीर गुजेर यांवर आमच्या दुपारा गेल्या. पुण्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी पावावर उत्तम लागते.

रविवारी सकाळपासून पाऊस. सँ-जुलियाँ-द-जोंझीपर्यंत जाऊन मग इगराँदला उतरलो, तिथून मार्सिन्यीकडे जुन्या रेल्वेमार्गावरची हिरवी वाट धरून पारेला परत. एकूण पन्नासेक किलोमीटर. पावसात ओल्या पानांवर पुढचा ब्रेक दाबू नये, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून शिकारीचा हंगाम असल्याने रविवारी रानातून जाताना भडक रंगाचे कपडे घालावेत. सँ-जुलियाँच्या चर्चच्या दारावरच्या आडव्या शिळेवर ख्रिस्ताचे शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन कोरले आहे. क्रांतीत बहुतेक शिष्यांची डोकी फोडली गेली. टेबलावरचे कापड मात्र शाबूत आहे, दगडाच्या त्या झालरीच्या घड्या एकेक सुट्या, आत बोट जाईल इतक्या खोल. पावसामुळे दगड गडद झाला होता आणि घड्यांच्या कडांवर पाण्याची रेघ उभी होती. अर्धा तास त्या दाराखालीच थांबलो.

सोमवारी रेल्वेने माकाँ, हॉटेलातून पिशव्या घेऊन पुन्हा तीच बांधणी. पावसानंतर चेन पुसून तेल दिल्याशिवाय पिशवीत भरू नये, दोन दिवसांत गंज चढतो. माणशी खर्च असा झाला : व्हिसा आणि विमा मिळून साधारण १४ हजार रुपये, विमान सायकलच्या शुल्कासह ७१ हजार, फ्रान्समधला रेल्वेप्रवास १८० युरो, आणि राहणे-खाणे दिवसाला सरासरी ६५ युरो. गावातल्या घरगुती 'शाँब्र दोत'मध्ये दोघांची खोली न्याहारीसह ७० ते ९० युरोंना मिळाली. 'आक्युय व्हेलो' अशी पाटी असलेल्या ठिकाणी सायकलला कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात, आरक्षण करताना आधी तीच शोधावीत.

मुंबईला २५ सप्टेंबरच्या पहाटे उतरलो. सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याने दोन्ही पिशव्यांकडे बोट करून विचारले, "नवीन आहेत का?" प्रमाणपत्र पुढे केले. त्यांनी क्रमांक वाचला, पिशवीची चेन वीतभर उघडून फ्रेमवरचा क्रमांक पडताळला आणि शिक्का मारून जाऊ दिले. तीन मिनिटे लागली.